मासा काळा करावा, करपवू नये



नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ पडला, की आपल्या रत्नागिरीच्या बाजारात बांगडा दिसू लागतो. मिरकरवाड्यावर होड्या लागतात आणि म्हावरेवालीची पाटी पार घाटाखालच्या वाडीपर्यंत पोचते. श्रावण संपायची वाट पाहणारी मंडळी तर तवा घासूनच बसलेली असतात. अशा वेळी आपल्या कार्यक्रमात नेहमी एक प्रश्न येतो. परदेशात म्हणे मासा तिखटात घोळवून अगदी काळा करून खातात, तो कसा करायचा? आपल्या चुलीवर तो जमेल काय?

जमेल. सामानही बहुतेक आपल्याच परसात आहे. मात्र त्यात दोन-तीन खाचाखोचा आहेत आणि एक धोकाही आहे. पाककृती चुकली तर एक जेवण वाया जाते, पण धोक्याकडे दुर्लक्ष झाले तर घरचे माणूस आजारी पडते. म्हणून या पत्रिकेत दोन्ही गोष्टी सांगत आहोत.

हा प्रकार आला कुठून?

अमेरिकेच्या दक्षिणेला लुईझियाना नावाचे राज्य आहे. तिथे ‘केजन’ नावाचे लोक राहतात. त्यांचे पूर्वज मूळचे फ्रेंच. ते आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर शेती आणि मासेमारी करून राहत होते. १७५५ सालापासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावून लावले. त्यांतली बरीच कुटुंबे फिरत फिरत लुईझियानाच्या दलदलीच्या मुलखात येऊन स्थिरावली. भात, मासे, कोळंबी, मिरची हे त्यांचे खाणे. म्हणजे आपल्या कोकणाशी नाते जुळावे असेच लोक.

पण मासा काळा करण्याची ही तऱ्हा त्यांच्या आजोबा-पणजोबांची नाही. पॉल प्रुडोम नावाच्या आचाऱ्याने १९७९ साली न्यू ऑर्लिन्स शहरात खाणावळ काढली आणि तिथून १९८०च्या सुमारास हा पदार्थ गाजला. त्याने माशाचा तुकडा पातळ केलेल्या लोण्यात बुडवला, तिखट-मिरी-लसणीच्या कोरड्या पुडीत घोळवला आणि रसरशीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकला. दोन मिनिटे एका अंगाला, दोन मिनिटे दुसऱ्या अंगाला. वरून काळाभोर, आतून पांढराशुभ्र आणि रसाळ. लोकांनी रांगा लावल्या.

आणखी एक गंमत ऐका. मिरची मुळात अमेरिका खंडातली. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर आली. मिरचीने केलेला तो प्रवास आज ही पाककृती करीत आहे, एवढेच.

काळा म्हणजे करपलेला नव्हे

इथेच पुष्कळांची फसगत होते. नाव ऐकून माणसे मासा कोळसा होईपर्यंत तव्यावर ठेवतात आणि मग कडू लागतो म्हणून नाके मुरडतात.

या माशात काळा होतो तो मसाला आणि तूप-लोण्याचा थर. मासा काळा व्हायचा नाही. तवा चांगला तापलेला असला की मसाल्यातले आणि माशाच्या वरच्या पापुद्र्यातले पदार्थ भाजून त्यांना गडद तांबूस-काळा रंग येतो आणि खमंग वास सुटतो. भाकरीला डाग पडतात, सुके खोबरे भाजताना तांबूस होते, त्यातलाच हा प्रकार. ही भाजणी व्हायला साधारण १४० अंश सेल्सियसच्या वर उष्णता लागते. पाणी मात्र १०० अंशालाच उकळते. म्हणून मासा ओला असेल तर आधी त्यातले पाणी उडत बसते, मासा वाफेवर शिजतो, मसाला सुटून तव्यावर पसरतो आणि तोच करपतो. मासा कच्चा-पक्का आणि तवा काळा! म्हणून पहिला नियम असा, की मासा कोरडा असावा आणि तवा तापलेला असावा.

वास खमंग तर भाजला, वास डोळ्यांत खुपला आणि चव कडू आली तर करपला. करपलेला भाग खरवडून टाकावा, मुलांच्या पानात वाढू नये.

कोणता मासा घ्यावा?

अमेरिकेत यासाठी ‘रेडफिश’ नावाचा जाड मांसाचा मासा वापरीत. आपल्याकडे तांबोसा, सुरमई, घोळ यांच्या अर्धा इंच जाडीच्या तुकड्या उत्तम. जाड तुकडी नको. तिचा वरचा थर जळतो आणि आत कच्चे राहते.

पण रोजच्या खिशाला परवडतो तो बांगडा, आणि तो या प्रकाराला मुळीच कमी नाही. तो अंगचा तेलकट असल्याने तापलेल्या तव्यावर सुकत नाही. बांगडा आणि तारली यांचे तेल अंगाला चांगले, हे डॉक्टरही सांगतात. तेव्हा सुरमई परवडली नाही म्हणून हिरमुसायचे कारण नाही. बांगडा मात्र अख्खा न ठेवता पाठीकडून चिरून पुस्तकासारखा उघडावा, म्हणजे सगळीकडे सारखा शिजतो.

ज्यांच्या शेततळ्यात रोहू-कटला आहे त्यांनी त्याच्या पातळ तुकड्या वापरून पाहाव्यात. काटा बारीक असतो, तेवढे सांभाळावे.

सगळ्यात महत्त्वाचे: तिखटाखाली शिळा मासा लपवू नका

आता माझ्याच घरची गोष्ट सांगतो. मे महिन्याची दुपार होती. बाजार उठत आला होता आणि स्वस्तात मिळाले म्हणून मी डझनभर बांगडे घेतले. पाटीत बर्फ नव्हता. पुढे एस.टी.ची वाट बघण्यात दीड-दोन तास गेले. घरी आल्यावर वास थोडा उग्र वाटला. म्हटले, तिखट जरा जास्त घालू, आगळात मुरवू, काही कळणार नाही. खरेच कुणाला कळले नाही. मासा चवीला झकास झाला. पण जेवून अर्धा तास होतो न होतो तोच धाकट्या मुलीचा चेहरा लालभडक झाला, अंगावर गांधी उठल्या, डोके दुखू लागले, छाती धडधडू लागली. पाठोपाठ मलाही उलटी झाली. डॉक्टरांनी औषध दिले आणि संध्याकाळपर्यंत उतार पडला. मला वाटले तिखट बाधले. डॉक्टर म्हणाले, तिखट नव्हे, मासाच बाधला.

याचे कारण समजून घ्या. बांगडा, तारली, सुरमई, कुपा अशा माशांच्या मांसात एक विशिष्ट द्रव्य नैसर्गिकच जास्त असते. मासा मेल्यावर उष्म्यात राहिला की जंतू त्या द्रव्यापासून ‘हिस्टामाइन’ नावाचा पदार्थ तयार करतात. तोच अंगावर गांधी उठवतो, तोंड लाल करतो, उलट्या-जुलाब घडवतो. लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी अशा:

१) एकदा तयार झालेले हिस्टामाइन शिजवून, तळून, खारवून किंवा गोठवूनही जात नाही. तवा कितीही तापवा, उपयोग नाही.

२) प्रत्येक वेळी वासावरून ते ओळखू येत नाही. मासा दिसायला बरा असूनही बाधू शकतो.

३) कोकम, लिंबू, तिखट यांनी वास झाकला जातो, विष झाकले जात नाही.

४) उपाय एकच, तो म्हणजे थंडावा. मासा पाण्याबाहेर आल्यापासून चुलीवर जाईपर्यंत बर्फात हवा. आपल्या उन्हाळ्यात एक किलो माशाला एक किलो बर्फ हे प्रमाण धरावे. बर्फ खाली, मध्ये आणि वर असा थर द्यावा.

बाजारात जाताना झाकणाचा डबा आणि गोणपाट बरोबर न्यावे. बाकीची खरेदी आधी करावी, मासा शेवटी घ्यावा. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला लालबुंद, अंग चकचकीत, बोटाने दाबल्यावर खळगा न राहणारे मांस, वास समुद्राचा, असा मासा घ्यावा. बर्फ नसलेली पाटी असेल तर त्या दिवशी वरण-भात बरा.

मासा खाल्ल्यावर वर सांगितलेली लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. डॉक्टरांकडे जावे आणि कोणता मासा खाल्ला ते सांगावे. श्वास लागत असेल तर ताबडतोब १०८ला फोन करावा.

साहित्य (चार-पाच माणसांना)

उघडलेले मध्यम बांगडे ६, किंवा तांबोसा वा सुरमईच्या पातळ तुकड्या पाऊण किलो.

मुरवणाला: कोकमाचे आगळ २ मोठे चमचे, हळद अर्धा चमचा, ठेचलेली लसूण ५-६ पाकळ्या. आगळात मीठ असतेच, म्हणून वेगळे मीठ बेताने.

कोरडी पूड: बेडगी मिरचीचे तिखट ३ चमचे, मिरपूड १ चमचा, धणेपूड १ चमचा, कुटलेला ओवा अर्धा चमचा, तिरफळे ५-६, मीठ अर्धा चमचा. तिरफळांतल्या काळ्या बिया काढून टाकाव्यात आणि फक्त साल भाजून कुटावी. जिभेला झणझणीतच हवे असेल तर बेडगीत थोडी लवंगी मिसळावी.

वरून लावायला: पातळ केलेले तूप पाव वाटी.

यातल्या ओव्याबद्दल दोन शब्द. प्रुडोमच्या मसाल्यात ‘थाइम’ नावाचा पाला असे. तो आपल्याकडे सहजी मिळत नाही. पण त्या पाल्याला ज्या द्रव्यामुळे वास येतो ते थायमॉल आपल्या ओव्यातही भरपूर असते. म्हणून ओवा घातला की मूळ वासाच्या जवळ जाता येते. तिरफळ मात्र आपले. बांगडा आणि तिरफळ ही जोडी मोडू नये.

लोण्याऐवजी तूप का? लोण्यात दुधाचा अंश असतो, तो फार लवकर जळतो. तूप कढवताना तो बेरीच्या रूपाने निघून जातो, त्यामुळे तूप जास्त उष्णता सोसते. तूप नसेल तर रिफाइंड शेंगदाणा तेल चालेल. घाण्यावरचे खोबरेल लवकर धुरावते, म्हणून ते या कामाला नको. ते आमटीत वापरावे.

मिरची घरची असेल तर ती खडखडीत वाळलेली असावी. देठाशी काळी-हिरवी बुरशी दिसणारी मिरची काढून टाकावी. धुऊन, पुन्हा वाळवून ती कुटू नये. बुरशीचे विष धुतल्याने जात नाही.

कृती

१) मासा साफ करून, खवले आणि कल्ले काढून, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावा. आतली काळी झिल्ली काढावी, तिने कडूपणा येतो.

२) मुरवणाचे साहित्य लावून १५ ते २० मिनिटे ठेवावे. एवढे पुरे. आगळात तासन्‌तास ठेवलेला मासा भुसभुशीत होतो. उन्हाळ्यात हे भांडे बर्फावर किंवा फ्रिजमध्ये ठेवावे.

३) आता मुरलेला मासा बाहेर काढून लसणीचे तुकडे झाडून टाकावेत. लसूण तापल्या तव्यावर पहिली जळते. मग धुतलेल्या कोरड्या फडक्याने दोन्ही बाजू टिपून घ्याव्यात. आंबट चव आत मुरलेली असते, ती टिपल्याने जात नाही. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे बिघडते.

४) बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा कोरडाच चुलीवर ठेवून पाच मिनिटे मोठ्या जाळावर तापवावा. पाण्याचे चार थेंब टाकावेत. थेंब गोळ्यांसारखे नाचत पळाले की तवा तयार. नॉनस्टिक तवा या कामाला अजिबात वापरू नये. रिकामा, खूप तापवला की त्याच्या लेपातून विषारी धूर निघतो.

५) तवा तापत असताना मासा तुपात बुडवून लगेच कोरड्या पुडीत दाबून घोळवावा. आधीपासून घोळवून ठेवू नये, पुडीला पाणी सुटते.

६) कातडीची बाजू वर ठेवून मासा तव्यावर ठेवावा. एका वेळी दोन-तीनच ठेवावेत. तवा भरला की तो थंड होतो. अडीच ते तीन मिनिटे मासा हलवू नये. कड तांबूस-काळी दिसली की पातळ उलथण्याने एकदाच उलटावा, वर चमचाभर तूप सोडावे आणि आणखी दोन मिनिटे ठेवावा.

७) काट्याजवळचे मांस पांढरे होऊन सहज सुटत असेल तर मासा झाला. गुलाबी, चिकट राहिले असेल तर जाळ कमी करून झाकणाखाली मिनिटभर ठेवावा.

८) पुढची खेप टाकण्याआधी तव्यावरची जळकी पूड फडक्याने पुसावी. नाहीतर दुसऱ्या खेपेला कडू चव उतरते.

सोबत गरम भात, सोलकढी आणि कच्चा कांदा. तांदळाच्या भाकरीबरोबरही छान लागतो. मुलांसाठी तिखट एक चमचा करून धणेपूड वाढवावी. रंग थोडा कमी येईल, चव राहील.

धूर, आग आणि काटा

हा मासा करताना धूर होतो, आणि तो साधा धूर नव्हे, मिरचीचा आहे. बंद स्वयंपाकघरात घरभर ठसका लागतो. अमेरिकेतल्या खाणावळीतही यासाठी धूर ओढणारे मोठे पंखे लागत. आपल्याला त्याहून सोपा उपाय आहे. अंगणात किंवा मांगराबाहेर तीन दगडांची चूल मांडावी आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. तान्ही मुले, दमेकरी माणसे आणि गुरे यांना जवळ ठेवू नये. गवताची उडवी, माडाच्या झावळ्या दूर असाव्यात.

तव्यावरच्या तुपाने पेट घेतला तर पाणी मारू नये, भडका उडतो. झाकण घालावे आणि जाळ ओढून घ्यावा. डोळ्यांत तिखट गेले तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावे.

घशात काटा अडकला तर कोरड्या भाताचा मोठा घास गिळायची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडून द्यावी. त्याने काटा अधिक खोल रुततो. टोचणे थांबत नसेल तर डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

डोकी, आतडी, खवले उकिरड्यावर फेकू नयेत, कुत्री आणि माशा जमतात. माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरून वर माती ओढावी. माडाला खत होते आणि परिसर स्वच्छ राहतो.

एका तव्याने समुद्र रिकामा होऊ लागला

शेवटी या पदार्थाची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या किनाऱ्याला शिकवण देणारी आहे.

काळा मासा गाजला तशी अमेरिकेत रेडफिशची मागणी एकदम वाढली. हा मासा लहानपणी खाडीत राहतो आणि मोठा झाला की खाडीबाहेर समुद्रात जाऊन अंडी घालतो. तो अनेक वर्षे जगतो. मागणी वाढताच मोठी वेढा-जाळी घेऊन बोटी खोल पाण्यात गेल्या आणि तिथे थव्याने असणारे अंडी घालणारे मासेच उचलू लागल्या. बियाण्याचे भात दळून खाल्ल्यासारखेच ते झाले. अखेर १९८६ साली अमेरिकी सरकारला मेक्सिकोच्या आखातात आपल्या ताब्यातल्या समुद्रात या माशाची धंदेवाईक पकड थांबवावी लागली. पुढे लोक तोच मासा तळ्यांत वाढवू लागले. प्रुडोम २०१५ साली वारला, पण एका आचाऱ्याच्या तव्याने समुद्रातला मासा धोक्यात आणल्याची गोष्ट मागे राहिली.

आपल्याकडेही बांगडा-तारलीचे थवे वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्र सरकारने २०१६ साली निर्बंध घातले. पावसाळ्यात जून-जुलैला यांत्रिक बोटी बंद असतात, तो काळही मासळीच्या विणीचा म्हणूनच पाळायचा असतो. मच्छीमार बंधू त्यासाठी दोन महिन्यांची कमाई सोडतो. मग घेणाऱ्यानेही थोडे पाळावे. बोटाएवढे पिल्लू बांगडे स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. घेणारा नसेल तर आणणाराही आणणार नाही. पावसाळ्यात सुकटीचे कालवण आहे, तळ्यातला मासा आहे. दोन महिने सरले की बांगडा आहेच.

थोडक्यात लक्षात ठेवा

● बर्फ नाही तर बांगडा नाही.
● शिळ्या माशाला तिखट हे औषध नव्हे.
● मासा कोरडा, तवा तापलेला, जाळ मोठा, वेळ थोडा.
● तव्यावर मासा एकदाच उलटावा.
● चूल अंगणात, मुले लांब.
● काळा थर खावा, कोळसा टाकावा.
● पिल्लू बांगडा पाटीतच राहू द्यावा.

आपल्या घरी हा मासा करून पाहा. कसा झाला, कुठे अडले, ते पत्राने जरूर कळवा. आणि आगळ संपले असेल तर येत्या वैशाखात रातांबे फुकट जाऊ देऊ नका. झाडाखाली पडलेला रातांबा हा पुढल्या वर्षाच्या बांगड्याचा मसाला आहे, हे ध्यानात असू द्या.

नमस्कार.